भाकड गोठ्याचं दूध

आमच्या गोठ्यात दूध देणारं एकही जनावर नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण शहरातल्या गारखेड्यात अजूनही काही घरं आमच्या दुधाचं कौतुक करताना थकत नाहीत.

गोठ्यात आहे काय? एक आंधळी म्हैस, व्यायचं वय उलटून गेलेल्या दोन भाकड गाई, वीटभट्टीवर वापरून वापरून सोडून दिलेलं एक गाढव, आणि एक तीन पायांचा बोकड, ज्याच्याकडून दुधाची अपेक्षा ब्रह्मदेवही करणार नाही. ही सगळी आमच्या ह्यांची कमाई. हे जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. नोकरीत असताना जनावर बरं करायचे आणि मालकाच्या हवाली करायचे. रिटायर झाले आणि हवाली करणं तेवढं बंद केलं. एकदा मी पाचोडच्या आठवडी बाजारातून मेथी आणायला सांगितली, तर माणूस टेम्पोत म्हैस घालून आला. मी विचारलं, “अहो, मेथी कुठंय?” म्हणाले, “तिनं खाल्ली.”

मी स्वतः वीजबिलाच्या खिडकीमागं नोकरी केलेली बाई. आयुष्यभर लोकांची बडबड ऐकली. त्यामुळं ऐकून घ्यायची सवय आहे, गोड बोलायची नाही. शेत आमचं पाचोडच्या रस्त्याला, गारखेड्यातून स्कूटीवर अर्ध्या-पाऊण तासावर. म्हातारपणी इथं दोघांनी निवांत राहायचं, असं ठरलं होतं. कुणाचं ठरलं होतं, हे आता आठवत नाही. ह्यांचं तर नक्कीच नाही.

माणसं यायला लागली ती ह्यांच्या मित्राच्या मुलीमुळं. ती शहरात मनाची डॉक्टर आहे. एका सुटीच्या दिवशी जेवायला आली, म्हशीच्या पाठीला टेकली आणि तिथंच झोपून गेली. उठल्यावर म्हणाली, “काका, माझे काही पेशंट इथं पाठवू का? औषधं माझी चालूच राहतील, तुम्ही नुसतं बसू द्या.” हे लगेच हो म्हणाले. ह्यांना नाही म्हणता आलं असतं तर म्हैस आलीच नसती.

डॉक्टरीणबाईंचा नियम एकच होता. कुणाला काही विचारायचं नाही आणि सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. विचारायचं नाही, हे मला जमलं. सल्ला गिळताना मात्र मला किती वेळा ठसका लागला, ते माझं मलाच माहीत. आलेल्या माणसानं खरारा घ्यायचा, गाढवाचं अंग घासायचं, नाहीतर गाईंना पाणी दाखवायचं, नाहीतर काहीच न करता बसायचं. बोलावंसं वाटलं तर जनावराशी बोलायचं. गाढवापुढं वाचली गीता, असं लोक म्हणतात. आमच्या गाढवापुढं गीतेहून जाड पोथ्या वाचून झाल्यात. बिचाऱ्यानं मान खाली घालून सगळ्या ऐकल्या. एवढं ऐकून घेणारा नवरा मला अजून दाखवायचाय कुणी.

गावानं आमचं बारसं केव्हाच करून टाकलं होतं. येड्यांचं शेत. शेणापाण्याला आमच्याकडं गावातली एक मावशी येते. तिच्या माहेरी-सासरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता मेंढरं थोडकीच राहिली, घरी दोन म्हशी आणि बाकी मजुरी. तिनंच मला ही खबर दिली.

“लोक असं म्हणतेत बाई. मी नाय म्हणत.”

“तू काय म्हणतेस?”

“मी म्हणते, डॉक्टर येडे हायेत. येणारी माणसं चांगलीयेत.”

मुद्दा बरोबर होता.

आणि मग ती किटली आली. किटली घेऊन येणारी बाई गारखेड्यातली, पन्नाशीला टेकलेली, कडक इस्त्रीची साडी, केसांत एक बट इकडची तिकडं नाही. पण घराबाहेर पाऊल टाकलं की छातीत धडधड, हातांना कापरं, वाटायचं आता आपण इथंच पडणार. कित्येक महिने ती भाजी आणायलासुद्धा बाहेर पडली नव्हती. कारण काय, असं सगळेच विचारायचे. नवरा चांगला, मुलगी कमावती, घर स्वतःचं. कारण नव्हतंच. ताप येतो तेव्हा कुणी कारण मागत बसतं का? पण हा ताप बाहेरून दिसत नाही ना, म्हणून लोकांना पुरावा लागतो.

पहिल्या दिवशी मुलगी तिला स्कूटीवर घेऊन आली. बाई उतरल्या, आणि हातात स्टीलची किटली.

मी म्हटलं, “हे कशाला?”

“गल्लीत विचारतात, ताई, कुठं निघालात म्हणून. समोरच्या घरातल्या बाई तर फाटकातच बसलेल्या असतात कोथिंबीर निवडत. मी सांगितलं, दूध आणायला चाललेय.” मग आवाज आणखी खाली आला. “मुलीचं जमवायचं चाललंय. सिल्लोडचं स्थळ आहे, कापसाचा मोठा धंदा. मी मनाच्या डॉक्टरकडं जाते हे त्यांच्या कानावर गेलं, तर संपलंच बघा. मग मी कुठल्या तोंडानं इथं येऊ?”

गाढवाजवळ बसल्या. पहिल्यांदा लांबून, मग जवळ, मग मानेवर हात ठेवून. तासाभरानं निघाल्या तेव्हा हात बऱ्यापैकी शांत होते. आणि रिकामी किटली तशीच परत निघाली होती.

आता माझ्या आईनं एक गोष्ट माझ्या हाडीमाशी भिनवलेली आहे. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घाल, पण रिकामं देऊ नकोस. मी मावशीला हाक मारली. म्हटलं, तुझ्या म्हशीचं दूध घेऊन ये गं, पळ. दूध आलं, किटली भरली, बाई समाधानानं गेल्या. खोट्याला खरेपणा आला, आणि मला वाटलं मी लई हुशार.

पुढं त्या एकट्या यायला लागल्या. स्वतः स्कूटी चालवत! डॉक्टरीणबाईंना मी फोन करून सांगितलं तर त्यांनी मला तेच परत दोनदा सांगायला लावलं. पण किटली सुटली नाही. उलट येणाऱ्या बाकीच्यांनी ती बघितली आणि ज्याला त्याला ती युक्ती पटली. बघता बघता आमच्या फाटकातून जो आत येईल त्याच्या हातात किटली, बरणी, डबा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं डेअरीच आहे. गारखेड्यात बोलबाला झाला, त्या शेतावरच्या दुधानं झोप छान लागते. लागत होतीच झोप, पण बिचाऱ्या दुधाचा त्यात काय हात?

ह्यांना हे पसंत नव्हतं. म्हणाले, “हे खोटं आहे.” मी म्हटलं, “मग उद्यापासून फाटकात उभे राहा आणि एकेकाला तोंडावर नाही म्हणा.” विषय तिथंच संपला. नाही म्हणायचं असलं की हे बोकडाला औषध पाजायला जातात.

अडचण दुसरीकडंच होती. किटल्या वाढल्या, मावशीच्या म्हशी मात्र दोनच राहिल्या. तरी दूध पुरत होतं. कसं पुरतंय, हे मी एक दिवस विचारलं.

“बाई, पावसाळ्यात चारा पातळ असतो. दूधबी पातळच येतं.”

“अगं, पण हा उन्हाळा आहे!”

“तेच म्हणते मी. पावसाळ्यात तर ह्याहून पातळ येईन.”

मी कपाळाला हात लावला. पण कपाळाला हात लावून गप्प बसले, हे खरं. आणि ते पाणी जाऊन मुरलं थेट सिल्लोडला.

झालं असं, की मुलाकडची मंडळी गारखेड्यात बैठकीला आली. मुलाची आई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, मालकांच्या मागं कापसाच्या जिनिंग मिलचा सगळा कारभार एकटीनं ओढणारी बाई. चहापोहे झाले. तेवढ्यात समोरच्या कोथिंबीरवाल्या बाई, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्या कौतुकानं म्हणाल्या, “नुसतं दूध घेऊन बघा हो. ह्या रोज एवढ्या लांब जाऊन आणतात.” विहीणबाईंनी पेलाभर दूध घेतलं, प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, हे शेत कुठंय.

चार-पाच दिवसांनी सकाळी आमच्या फाटकाशी मोठी पांढरी गाडी थांबली. विहीणबाई उतरल्या, उंच्यापुऱ्या, डोक्यावर पदर, चाल अशी की शेत जणू त्यांच्याच नावावर आहे. हे पुढं झाले.

“दूध इथंच मिळतं ना?”

मी गोठ्यातून डोळ्यांनी, हातांनी, भुवयांनी खुणा करत होते. पण आमचे हे! चेहऱ्यावर तो निर्मळ भाव आणून म्हणाले, “दूध? छे हो, आमची सगळी भाकड आहेत.”

“वाटलंच मला,” विहीणबाई म्हणाल्या. “आम्ही कापूस घेणारी माणसं. वजन वाढवायला पाणी मारलेला कापूस बोटांना कळतो माझ्या. दुधातलं जिभेला कळणार नाही? इतक्या पाणीदार दुधासाठी शहाणं माणूस रोज एवढं लांब येत नाही. मग म्हटलं, येतं कशासाठी ते बघून यावं.”

कशासाठी, ते समोरच होतं. आमच्या बाई पाठमोऱ्या, पदर खोचलेला, केस विस्कटलेले, गाढवाच्या पाठीवरून खरारा फिरवत त्याला घरातलं काहीतरी सांगत होत्या. आवाज ऐकून वळल्या आणि खरारा हातातून पडला. हात असे थरथरायला लागले की मलाच बघवेना.

विहीणबाई गव्हाणीच्या कट्ट्यावर बसल्या. म्हशीच्या अगदी शेजारी. म्हशीनं हुंगलं आणि आपली हनुवटी सरळ त्यांच्या खांद्यावर ठेवून दिली. ती तसं कुणालाही करते. भारी साडीवर लाळ गळत होती. मला वाटलं आता ओरडतील, पण त्यांचं लक्ष बाईंकडं होतं.

“दुधासाठी येत नाही तुम्ही?”

माझ्या जिभेवर थाप तयार होती. गोमूत्राची होती, चांगली होती. मी तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला. “ताई, नको.” मग विहीणबाईंकडं बघत म्हणाल्या, “नाही. मला घाबरं होतं. घराबाहेर पडता येत नव्हतं मला. डॉक्टरकडं जाते, गोळ्या घेते, आणि इथं येऊन बसते. ह्याच्याजवळ बसलं की हात थांबतात.”

“आधी का सांगितलं नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असता.”

विहीणबाईंनी क्षणभर विचार केला. “गेले असते,” म्हणाल्या.

अशा वेळी जे माणूस येऊ नये, ते येतंच. मावशी बाईंची भरलेली किटली घेऊन आली आणि समोर जी नवीन बाई दिसली तिच्या हातात देऊन मोकळी झाली. “घ्या, ताजं हाय.” विहीणबाईंनी यंत्रासारखी किटली घेतली, गाडीत बसल्या आणि गेल्या. किटलीसकट.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. गाढव त्यांच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभं राहायचं. ते त्यांच्यासाठी, की त्यांच्या पर्समधल्या गुळासाठी, ह्या भानगडीत मी पडत नाही. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण ज्यानं काढली त्याच्याकडं गाढव नव्हतं, एवढंच सांगते.

मुलीला फोन केला. म्हणाली, “काकू, आई खोलीतून बाहेर येत नाही. मला लग्नाचं काही नाही हो, एक स्थळ गेलं तर दुसरं येईल. पण तिला वाटतंय, तिनं माझं वाटोळं केलं.” मी फोन ठेवला आणि ह्यांच्यावर ओरडले. “एक दिवस, फक्त एक दिवस खोटं बोलता आलं नाही तुम्हाला?” मग पाणी घालण्यावरून मावशीवर ओरडले. ह्यांनी बोकडाचं औषध काढलं, मावशीनं शेणाची पाटी उचलली, त्यामुळं रागाला कुठं टेकायलाच मिळेना. मला लई वाईट वाटत होतं. स्कूटीवरून एकटी येणारी बाई परत खोलीत जाऊन बसली, ह्याच्यासारखं वाईट दुसरं काय? डॉक्टरीणबाई तिच्याशी रोज बोलत होत्या. मला म्हणाल्या, “काकू, तिला ओढून आणू नका.” म्हणजे परत गिळा सल्ला.

मावशी तेवढी निर्धास्त. “किटली तिकडं हाय ना, बाई? मंग येतील. लोकाचं भांडं ठिवून घेणारं घर नाय ते.”

आणि खरंच, पुढच्या आठवड्यात पांढरी गाडी परत आली. विहीणबाई किटली घेऊन उतरल्या. मी मनाची तयारी केली, कमरेवर हात ठेवले, आणि दोन खडे बोल ओठांवर आणून उभी राहिले. त्यांनी झाकण काढलं. आत सरकीची पेंड होती, गच्च भरून.

“आमच्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत,” म्हणाल्या, आणि सरळ म्हशीच्या गव्हाणीत पेंड ओतली. मग तिथंच कट्ट्यावर बसल्या, त्याच जागेवर. म्हशीनं पेंड सोडून हनुवटी खांद्यावर ठेवली नाही, एवढी काही ती संत नाही. आधी खाल्लं आणि मग ठेवली.

“घरी गेले तेव्हा मोडायचंच ठरवलं होतं,” विहीणबाई म्हशीकडं बघत बोलत होत्या. मी मुद्दाम काही विचारलं नाही. नियम म्हणजे नियम. “पण ही बया डोक्यातून जाईना. सिल्लोडात मला बघून माणसं उठून उभी राहतात. मुलगा मान खाली घालून बोलतो, मुनीम हात जोडून. मालक गेल्यापासून माझ्या अंगाला कुणी हात लावला नाही हो, सगळे भितात. हिला काय माहीत मी कोण? आली आणि टेकली.” डोळे पुसले, आणि पुसलेले मी बघितले म्हणून लगेच आवाज चढवला. “खोटं बोलल्याचा राग आहे मला. तो राहणार. त्या कुठंयत?”

“येत नाहीत आता. तुमच्यामुळं,” मी म्हटलं. खड्या बोलांपैकी एवढेच उरले होते.

“मग चला, घेऊन येऊ.”

ओढून आणू नका, हे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, त्यांना नाही. मी सवयीनं किटली उचलून मावशीला हाक मारायला निघाले, तर त्या म्हणाल्या, “रिकामीच राहू द्या. मेहेरबानी करा.”

गारखेड्यात बाईंनीच दार उघडलं. गाऊन, केस तसेच, चेहरा उतरलेला. विहीणबाईंना बघून दाराची चौकट घट्ट धरली. विहीणबाईंनी किटली पुढं केली.

“ही तुमची. साखरपुड्याच्या बासुंदीचं दूध मी सिल्लोडहून आणणार. तुमच्या दुधाचा मला भरवसा नाही.”

बाईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्या रडायला लागल्या, मग रडता रडता हसल्या, आणि किटली छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, “आवरा आता. ते गाढव फाटक मोडेल.” त्या आत गेल्या, साडी नेसून आल्या, पण उंबऱ्यात येऊन थबकल्या. समोरच्या बाई फाटकात बसल्या होत्या. सुपात कोथिंबीर.

“निघालात का दूध आणायला? आज अगदी गाडी करून?”

बाईंचा हात आपोआप किटली शोधायला लागला. किटली आत टेबलावर राहिली होती. मी एक पाऊल पुढं टाकलं, तेवढ्यात विहीणबाईंनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. चांगला दुखला.

“दूध नाही हो तिथं,” आमच्या बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढा होता. “कधीच नव्हतं. माझं मन बरं नसतं. मी तिथं गाढवाजवळ बसायला जाते.”

समोरच्या बाईंच्या हातातली काडी हातातच राहिली. त्यांनी आमच्याकडं बघितलं, मग गल्लीत डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. सूप खाली ठेवलं आणि रस्ता ओलांडून गाडीपाशी आल्या. इतक्या हळू बोलल्या की मला कान पुढं करावा लागला.

“गाडीत अजून एकीला जागा आहे?”

“आहे की,” मी म्हटलं.

“मग थांबा जरा. मी किटली घेऊन येते.”